हात उठण्याआधीची पाच मिनिटं

लहान मुलं असलेल्या घरांना भेटी देणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं, त्याला कारण आमच्याच घरातलं होतं. आमचं पहिलं बाळ रात्र-रात्र रडायचं त्या दिवसांत एक ताई दर आठवड्याला यायच्या. तासभर बसायच्या, बाळाला मांडीवर घेऊन बायकोला निवांत अंघोळीला पाठवायच्या, मला झोपायला सांगायच्या. त्या काय सांगतात यापेक्षा त्या येतात, याचाच आम्हाला आधार होता. मुलं मोठी झाली, संध्याकाळ हाताशी उरू लागली, तेव्हा तेच काम आपणही करावं असं वाटलं. अर्जाच्या वरच लिहिलं होतं की हा उपक्रम लहान मुलांना होणारी मारहाण रोखण्यासाठी आहे. ते वाचून मी चक्रावलो. आमच्या घरी तर कुणी बाळावर हात उचलला नव्हता. मग त्या ताई आमच्याकडे कशासाठी येत होत्या?

पहिल्याच दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "मुलाला जखमी होईपर्यंत मारणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कसा दिसतो?" दारुडा, तापट, सावत्र बाप, माथेफिरू, अशी उत्तरं आली. अशी माणसं असतात हे मॅडमनी नाकारलं नाही. दारूमुळे धोका वाढतो हेही सांगितलं. मग त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला. कॅनडात १९९८ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत, तपासाअंती खरी ठरलेली शारीरिक मारहाणीची सुमारे ७५ टक्के प्रकरणं मुलाला शिक्षा करताना घडली होती. म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी शिस्त लावायला निघालं होतं आणि हात थांबला नव्हता. पुढच्या पाहणीतही चित्र तसंच निघालं.

हात का थांबत नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातला हा गाभा होता. चापट मारली की मूल त्या वेळेपुरतं गप्प बसतं. मारणाऱ्याला वाटतं, मात्रा लागू पडली. पण मूल दचकून गप्प झालेलं असतं. त्याऐवजी काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तासाभरात तेच पुन्हा घडतं. या वेळची चापट जरा जोरात बसते, कारण मघाचीने भागलं नव्हतं. काही मुलं मार बसल्यावर आणखी मोठ्याने रडतात. काही भीतीने थिजून एकटक बघत राहतात, आणि रागाने पेटलेल्या माणसाला ते बघणंच उद्धटपणाचं वाटतं. "वर तोंड करून बघतोस?" हे मी पुढे एका घरात स्वतःच्या कानांनी ऐकलं. ज्याला उद्देशून ते म्हटलं होतं त्याला नुकतं दुसरं वर्ष सरत होतं.

मुलाने मुद्दाम केलं, मला चिडवायला केलं, हा अर्थ लावण्याची सवय मारहाण करणाऱ्या पालकांमध्ये जास्त असते, असं संशोधनात वारंवार आढळलं आहे. त्यात वयाची चुकीची अपेक्षा मिसळली की भडका उडतो. दीड वर्षाच्या मुलाने शू लागल्याचं दर वेळी आधी सांगावं, दोन वर्षांच्या मुलाने एकदा "नको" म्हटलं की कायमचं लक्षात ठेवावं, सहा महिन्यांच्या बाळाने आईची परिस्थिती ओळखून झोपावं. शरीर आणि मेंदू तिथवर पोचलेलेच नसतात. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतले अभ्यास एकत्र करून १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती तपासली. फटके दिल्याने वागणूक सुधारते असं त्यातून दिसलं नाही. फटके खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मानसिक त्रास मात्र जास्त आढळले. आमच्या तुकडीतल्या एका वयस्क बाईंना हे पटायला जड गेलं. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे मार खाऊनच मोठे झालो." मॅडम म्हणाल्या, "मोठे झालात हे खरंच. मारामुळे झालात की मार बसूनही झालात, एवढंच शोधायचं आहे."

पुढचा दिवस बालरोगतज्ज्ञांचा होता. त्यांनी मुलाच्या शरीराची रेखाकृती लावली आणि विचारलं की पळणाऱ्या मुलाला कुठे लागतं. गुडघे, नडगी, कोपर, कपाळ. हाडं पुढे आलेली असतात तिथे. मग त्यांनी लाल खडूने कान, मान, पोट, पाठ, कुल्ले, गालाचा मऊ भाग रंगवला. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल तर थांबून विचार करायचा. आणि चार महिने किंवा त्याहून लहान बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग दिसला, तर तो कितीही छोटा असो, बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. जे बाळ अजून कुशीवर वळत नाही ते स्वतःला मार लावून घेणार कसं? गरम पाणी चुकून सांडलं तर भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, शिंतोडे उडालेले असतात. हात किंवा पाय पाण्यात धरून ठेवला असेल तर मोजा घातल्यासारखी सरळ रेष येते. हे ऐकताना खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

त्याच डॉक्टरांनी उलट बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगितली. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही. काही बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर चट्टे असतात आणि ते वळांसारखे दिसतात. रक्त न गोठण्याचे आजार असतात, हाडं ठिसूळ असण्याचा आजार असतो. म्हणून शंका घेणं आमचं काम, निदान करणं त्यांचं. आम्ही ऐकायची ती हकिकत: इजेशी जुळते का, मुलाच्या वयाला शक्य आहे का, दुसऱ्यांदा सांगताना बदलते का, आणि दवाखान्यात न्यायला उशीर का झाला.

डॉक्टरांनाही हे बघायला वेळ लागला होता, याचा दाखला त्यांनी दिला. जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ मध्ये सहा बाळांची नोंद प्रसिद्ध केली होती. डोक्यात रक्तस्राव आणि त्यासोबत हातापायांच्या लांब हाडांना मिळून २३ फ्रॅक्चर. एवढं दिसूनही कारणावर स्पष्ट बोट ठेवलं गेलं नाही. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक नियतकालिकात हे मारहाणीतून घडतं असं उघड लिहिलं, तेव्हा कुठे वैद्यकीय जग हललं. मधे सोळा वर्षं गेली. आईबाप असं करतील यावर विश्वास ठेवायला शिकल्यासवरल्या माणसांचंही मन धजत नव्हतं. आपलंही धजणार नाही, याची तयारी ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. त्याच केंपनी पुढे, १९७६ मध्ये, प्रत्येक नव्या बाळाच्या घरी भेट देणारी व्यक्ती असावी असा आग्रह धरला, हे कळल्यावर मला आमच्याकडे येणाऱ्या ताईंचा उलगडा होऊ लागला.

पूर्ण उलगडा रडण्याच्या तासाला झाला. बाळाचं रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. संध्याकाळी ते जास्त असतं. पोट भरलेलं, कापड कोरडं, ताप नाही, आणि तरीही बाळ थांबत नाही. रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जोरजोरात हलवल्यामुळे रुग्णालयात आलेल्या बाळांच्या वयाचा आलेख काढला तर तो रडण्याच्या आलेखासारखाच चढतो आणि उतरतो, फक्त थोडा मागाहून. मॅडमनी पारदर्शक डोक्याची बाहुली हलवून दाखवली. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कमजोर. हलवल्यावर मेंदू कवटीत मागेपुढे आदळतो, मेंदूवरच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो. याला काही सेकंद पुरतात. आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट अशी, की हलवल्यावर बाळ गप्प होतं. मेंदूला इजा झाली म्हणून ते गप्प होतं, आणि हलवणाऱ्याला वाटतं, निजलं.

मला आमच्या घरातल्या त्या रात्री आठवल्या. आम्ही दोघं होतो, आळीपाळीने उठत होतो, आणि आठवड्यातून एक तास तिसरं माणूस येत होतं. यातलं एकेक काढून टाकलं तर काय उरतं, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

प्रशिक्षण संपल्यावर मी आधी एका अनुभवी ताईंबरोबर आणि मग एकट्याने घरभेटी सुरू केल्या. तिथे पुस्तकातली कारणं माणसांच्या रूपात भेटली. कर्ज, सुटलेली नोकरी, एका खोलीत पाच माणसं, बाळंतपणानंतरचं नैराश्य ज्याला घरात सगळे "आळस" म्हणत होते. एका घरात बोलता-चालता न येणारा मुलगा होता आणि त्याला भरवायला प्रत्येक वेळी तास लागायचा. अपंग मुलांना शारीरिक हिंसेचा धोका इतर मुलांच्या ३.६ पट असल्याचं २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात आलं होतं. त्या आईजवळ बसून मी ते भरवणं पाहिलं तेव्हा ही दमणूक कोणकोणत्या घरांत कुठवर जात असेल ते कळलं. तिच्यासाठी आम्ही फार काही केलं नाही. दुपारचं भरवणं शेजारच्या बाईंनी आठवड्यातून तीनदा वाटून घ्यावं अशी सोय लावली. आई मला म्हणाली, "आता मला रविवारची वाट बघावी लागत नाही."

एक तरुण बाप मात्र मनात राहिला आहे. रात्रपाळी करायचा, दिवसा बाळाजवळ एकटा असायचा. पहिल्या दोन भेटींत त्याने मला चहा दिला आणि विषय टाळला. तिसऱ्या भेटीत अचानक म्हणाला, "दादा, माझा बाप मला पट्ट्याने मारायचा. माझ्यातही ते आलं असेल का?" मारहाण झालेलं प्रत्येक मूल पुढे मारणारा पालक होतं हा समज मी त्याच्या चेहऱ्यावर वाचला, शिक्षा ठोठावली गेल्यासारखा बसला होता. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून असा अंदाज काढला होता की साधारण ३० टक्के लोकांच्या बाबतीत हे पुढे चालतं. धोका वाढतो, पण बहुतेक जण ती साखळी तोडतात. बायरन एगलँड यांच्या मिनेसोटातल्या अभ्यासात ती तोडणाऱ्या आयांकडे काय होतं तेही दिसलं: लहानपणी मायेने वागवणारं एखादं मोठं माणूस, किंवा मानसोपचार, किंवा साथ देणारा स्थिर जोडीदार. हे मी त्याला साध्या शब्दांत सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "माझी आत्या होती." त्यानंतरचा सगळा तास आम्ही आत्याबद्दलच बोललो.

मग आम्ही त्याच्यासाठी एक बेत आखला. हात उठण्याआधी शरीरात काय होतं ते आधी ओळखायचं. त्याला कान तापल्यासारखे वाटायचे आणि जबडा आवळला जायचा. तेवढं जाणवलं की बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी, भोवती काही मऊ न ठेवता झोपवायचं, खोलीबाहेर जायचं, भावाला फोन लावायचा. पाचदहा मिनिटांनी परत बघायचं. रडून बाळाला इजा होत नाही, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. बाळाला रडतं सोडून जाणं म्हणजे वाईट बाप असणं, अशी त्याची समजूत होती. मला वाटतं, किती तरी चांगली माणसं याच समजुतीपायी त्या घटकेत खोलीत थांबून राहतात.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात मार्क डायस यांनी प्रसूतीनंतर रुग्णालयातच दोन्ही पालकांना हे समजावून सांगण्याचा कार्यक्रम राबवला आणि तिथे डोक्याच्या अशा इजा ४७ टक्क्यांनी घटल्याचं २००५ मध्ये नोंदवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात तो मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा अशी घट दिसली नाही. माझा अनुभव असा की बाळंतपणाच्या गडबडीत ऐकलेलं सहाव्या आठवड्याच्या रात्री आठवत नाही. म्हणून मी सहाव्या आठवड्यातली भेट कधीच चुकवत नाही.

घरभेटींना स्वतःची मर्यादा आहे, आणि ती मला एका घरात स्पष्ट दिसली. तीन वर्षांची मुलगी. कानाच्या मागे आणि पाळीवर जांभळा डाग. आजी म्हणाली, पडली. वडील म्हणाले, भावंडाने खेळणं फेकलं. आई काहीच म्हणाली नाही. तिच्या मनगटावरही वळ होता. मुलगी माझ्याजवळ येऊन आपणहून बोलली. आम्हाला शिकवलं होतं तसं मी तिला खोदून विचारलं नाही, "बाबांनी मारलं का?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न केला नाही, कुणाला सांगणार नाही असं वचनही दिलं नाही. "तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस," एवढंच म्हटलं. बाहेर आल्यावर तिचे शब्द होते तसे वहीत लिहिले, आणि त्याच संध्याकाळी पर्यवेक्षक ताईंमार्फत बालसंरक्षण यंत्रणेला कळवलं. पुरावा गोळा करणं आमचं काम नव्हतं. वाजवी शंका पुरेशी होती.

त्या वडिलांची नोकरी गेली होती, त्यांच्यावर काय ओढवलं होतं ते मला ठाऊक होतं. ते ठाऊक असल्यामुळे फोन लांबणीवर टाकावा असं क्षणभरही वाटू नये, यासाठीच प्रशिक्षणात मॅडम पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "कारण समजलं तर मदत नीट करता येते. मूल आधी सुरक्षित झालं पाहिजे." डॉक्टरांनी तपासणी केली, मुलगी आणि आई काही काळ आजीच्या माहेरच्या नातेवाइकांकडे राहिल्या. आई माझ्यावर फार चिडली होती. बऱ्याच महिन्यांनी तिने पर्यवेक्षक ताईंना फोन करून बायकांच्या मदत केंद्राचा पत्ता मागितला. मुलगी सुखरूप आहे. बाकी काय झालं ते सांगण्याचा अधिकार मला नाही. (इथल्या सगळ्या घरांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे सुरू केलेला परिचारिकांच्या घरभेटींचा प्रयोग आमच्या कामाचा पाया मानला जातो. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत भेटी. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा भेटी मिळालेल्या कुटुंबांत मारहाण आणि हेळसांडीची सिद्ध प्रकरणं ४८ टक्क्यांनी कमी होती. पण ज्या घरांत बाईलाही सतत मारहाण होत होती, तिथे हा फायदा दिसेनासा झाला. कानामागे डाग असलेल्या त्या मुलीच्या घरानंतर मी हे पुन्हा वाचलं. मूल आणि आई यांचं संरक्षण वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळं करायचं, ही पद्धत मला आता धडधडीत चुकीची वाटते.

पालकांचे गटवर्ग हा कामाचा हलका भाग. तिथे रोज दहा मिनिटं मूल म्हणेल तसं खेळणं, चांगलं वागल्याचं नेमक्या शब्दांत कौतुक करणं, "पळू नको" ऐवजी "चाल" म्हणणं, हट्टाकडे शांतपणे दुर्लक्ष करणं, असं शिकवतात. सुरुवातीला पालकांना हे पोरकट वाटतं. तिसऱ्या वर्गाला एक आजोबा सांगत आले की नातवाला "बूट जागेवर ठेवलेस, छान" म्हटलं तर त्याने घरातल्या सगळ्यांचे बूट आणून ठेवले. कायद्याचीही चर्चा होते. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना कोणतीही शारीरिक शिक्षा करण्यावर जगात पहिल्यांदा बंदी घातली, तेव्हा त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती. मला यातली दुधाची खोकी महत्त्वाची वाटतात. कायदा पालकांच्या टेबलावर जाऊन बसला, आणि मूलही ते वाचू शकत होतं.

आमच्या भेटी मूल दोन वर्षांचं झालं की संपतात. शू-शीची सवय लावताना होणारी चिडचिड, जमिनीवर लोळून केलेला हट्ट, "नाही" म्हणायला लागलेलं पोर, हे सगळं नेमकं त्याच सुमारास आणि त्यानंतर येतं. तो तरुण बाप परवा भेटला तेव्हा म्हणाला, "रडणं निभावलं दादा, आता तो मला चावतो, त्याचं काय करू?" भेटी साडेतीन वर्षांपर्यंत वाढवाव्यात, आणि दिवसा घरी नसणाऱ्या बापांसाठी रात्री आठनंतरच्या वेळा ठेवाव्यात, असं पत्र आम्ही काही जणांनी समितीला दिलं आहे. पैसे नाहीत असं पहिलं उत्तर आलं. पुढच्या बैठकीत विषय पुन्हा आहे, आणि तोपर्यंत त्या चावणाऱ्या मुलाच्या घरी मी सुटीच्या दिवशी जातो.